जॅकला चाकं कशासाठी असतात?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या पार्किंगमध्ये शेजारच्या विंगमधले काका ब्रेक पॅड बघायला म्हणून गाडी पुढून वर घेत होते. नवाकोरा लाल ट्रॉली जॅक, चकचकीत हँडल. आणि त्या जॅकच्या चाकांना पुढून-मागून विटांचे तुकडे लावलेले.

"काका, या विटा कशाला?"

"अरे, पंप मारला की हलतो सारखा. म्हणून पक्का बसवला."

मी विटा काढायला लावल्या तेव्हा ते जरा नाराज झाले. गाडीच्या चाकांना उटी (चाक गडगडू नये म्हणून अडण) लावायची आणि जॅकच्या चाकांना मात्र नाही, हे त्यांना पटेना. चूक त्यांची नव्हती. जॅक विकणाऱ्याने टन सांगितले होते, वॉरंटी सांगितली होती, पण जॅकला चाकं कशासाठी असतात हे काही सांगितलं नव्हतं. बहुतेकांना ती जॅक ओढत न्यायला असतात असं वाटतं. तो उपयोग आहेच, पण खरं काम गाडी उचलताना असतं.

ट्रॉली जॅकचा हात लिफ्टसारखा सरळ वर जात नाही. तो मागच्या खिळीभोवती फिरतो, म्हणजे त्याच्या टोकावरची वाटी वर्तुळाच्या कडेने जाते. समजा हात 35 सेंटीमीटर लांब आहे आणि तो आडव्यापासून 45 अंशांपर्यंत उचलला. वाटी सुमारे 25 सेंटीमीटर वर जाईल, आणि त्याचबरोबर सुमारे 10 सेंटीमीटर मागे, हँडलच्या दिशेने येईल. आता गाडी तर हँडब्रेक लावून जागच्या जागी उभी आहे. मग हे 10 सेंटीमीटर कोणी सरकायचं? जॅकने. तो आपणहून गाडीखाली पुढे सरकतो, म्हणून त्याला चाकं. काकांना जॅक "हलतो" असं दिसलं ते हेच.

चाकं अडवली की दोनच गोष्टी होऊ शकतात. हँडब्रेक कच्चा असेल तर गाडी ओढली जाते. पक्का असेल तर वाटी पत्र्याखालून सरकायला लागते, आधी मिलिमीटर-मिलिमीटरने आणि मग एकदम.

एवढं कळलं की जॅक निवडण्याचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात, कारण पहिला प्रश्न जॅकबद्दलचा राहतच नाही. तो तुमच्या जमिनीबद्दलचा होतो. जॅकची पुढची चाकं लोखंडाची, अरुंद आणि लहान असतात, आणि गाडीचं कित्येक शे किलो वजन त्या दोन चाकांवर येतं. पक्का कोबा असेल तर ती गरगर फिरतात. मुरूम, माती, शेणाने सारवलेलं अंगण इथे ती रुततात, आणि रुतलेलं चाक म्हणजे वीट लावलेलंच चाक. कोकणातल्या जांभ्या दगडाच्या अंगणात खाचा असतात, त्यात ती अडकतात. जुन्या वाड्यांतली शहाबादी फरशी दिसते सपाट, पण खाली पोकळ असेल तर मधोमध तडकते. आणि आपल्या सोसायट्यांचे लाडके पेव्हर ब्लॉक! वरून पक्के दिसतात, पण खाली नुसती वाळू किंवा बारीक कच असते. एक ब्लॉक बोटभर खचला तरी जॅक तिरपा होतो.

अशा जागी 18-19 मिलिमीटर जाडीचं प्लायवूड टाकावं. मात्र जॅकपुरता तुकडा नको. जॅकला पुढे सरकायला वाव राहील एवढा, साधारण दोन फूट बाय तीन फूट तरी हवा. फळी छोटी असेल तर जॅक सरकत सरकत तिच्या कडेवरून उतरतो, आणि तेव्हा गाडी वर असते. उतारावर काहीही टाकून उपयोग नाही. गाडी सपाटीला घ्यावी, नाहीतर काम दुसऱ्या दिवसावर टाकावं.

आता जॅकच्या आतल्या तेलाच्या जादूकडे येऊ, कारण ती समजली नाही तर जॅकवर नको तिथे विश्वास बसतो. एका माणसाच्या हाताने गाडी उचलली जाते ती कशी? बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दाब दिला तर तो दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हे पास्कलने 17व्या शतकात मांडलं. 1795 साली इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामाने याच तत्त्वावर चालणाऱ्या हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं. आपला जॅक त्याच कुळातला.

आकडे धरून बघू. हँडल 60 सेंटीमीटरचं आहे आणि ते खिळीपासून 4 सेंटीमीटरवर छोटा दट्ट्या दाबतं. म्हणजे जोर 15 पट. तुम्ही 20 किलो जोर लावलात तर छोट्या दट्ट्यावर 300 किलो. छोटा दट्ट्या 12 मिलिमीटर व्यासाचा, मोठा 36चा. व्यास तिप्पट म्हणजे क्षेत्रफळ नऊपट. मोठ्या दट्ट्यावर झाले 2700 किलो. तो दट्ट्या जॅकच्या हाताला त्याच्या खिळीजवळ ढकलतो आणि वाटी खिळीपासून चौपट लांब असते, म्हणून वाटीवर त्याचा चौथा हिस्सा मिळतो: 675 किलो. छोट्या गाडीचा पुढचा भाग उचलायला पुरेसा. फुकट मात्र काहीच मिळत नाही. हँडलचं टोक 50 सेंटीमीटर खाली आलं की वाटी जेमतेम दीड सेंटीमीटर वर जाते. गाडी 30 सेंटीमीटर वर घ्यायला वीस पंप.

यात लक्षात ठेवायची गोष्ट ही, की वर गेलेली गाडी परत खाली का येत नाही. आत एक छोटी पोलादी गोळी असते. तेल एका बाजूला जाऊ देते, परत येताना भोकावर बसून वाट बंद करते. शिवाय मोठ्या दट्ट्याभोवती रबरासारख्या सीलचं कडं असतं. म्हणजे हजारभर किलोची गाडी हवेत राहते ती त्या गोळीच्या आणि त्या कड्याच्या जिवावर. गोळीखाली कचऱ्याचा कण अडकला, सील वाळून तडकलं, की तेल पाझरायला लागतं. कधी गाडी तासाभरात उतरते, कधी क्षणात. गाडीबरोबर डिक्कीत मिळणारा साधा कात्री जॅक या एका बाबतीत याच्यापेक्षा शहाणा: त्याच्यात स्क्रू असतो, आणि आट्यांच्या घर्षणामुळे तो आपोआप उलटा फिरत नाही. पण त्याचा पाया तळहाताएवढा, थोडा धक्का लागला की आडवा. रस्त्यात स्टेपनी बदलण्यापुरताच तो दिलेला असतो.

म्हणून ट्रॉली जॅकच्या अंगावर जो इशारा चिकटवलेला असतो तो शब्दशः घ्यावा: हे यंत्र फक्त उचलण्यासाठी आहे, धरून ठेवण्यासाठी नाही. धरून ठेवायला स्टँड. गॅरेजमध्ये त्याला घोडी म्हणा, स्टँड म्हणा, तीन किंवा चार पायांचं ते लोखंडी बुजगावणं जॅकपेक्षा महत्त्वाचं. माझा हिशेब असा, की बजेट ठरलं की आधी स्टँडच्या जोडीचे पैसे बाजूला काढायचे आणि उरलेल्यात जॅक बघायचा. दुकानात नेमकं उलटं होतं. जॅक घेतला की पाकीट हलकं होतं, मग "स्टँड पुढच्या महिन्यात", आणि तोवर विटा. वीट, चिरा, सिमेंटचा पोकळ ब्लॉक, बांधकामातले ते हलके पांढरे ठोकळे: यातलं काहीही गाडीखाली नको. भिंतीत यांच्यावर वजन पसरून येतं, म्हणून ते टिकतं. गाडीची कड म्हणजे एका रेषेवर टेकलेली छिन्नी. असले पदार्थ वाकत नाहीत, कुरकुरत नाहीत, सरळ फुटतात.

स्टँड दोन तऱ्हांचे मिळतात. एकात दाते असतात, कटकट वर जातो आणि खटका अडकतो. दुसऱ्यात आरपार भोकं आणि जाड खीळ. मला खिळीचा आवडतो, कारण खीळ आरपार गेली की नाही हे लांबूनही दिसतं. दात्यांत खटका किती खोल बसलाय ते दिसत नाही. 2020 साली अमेरिकेत हार्बर फ्रेट या हत्यारांच्या दुकानांच्या साखळीने लाखो स्टँड परत मागवले होते. दाते आणि खटका पुरेसे खोल अडकत नव्हते आणि भार असताना स्टँड खाली बसू शकत होता. बदली म्हणून दिलेल्या स्टँडमध्येही काहींच्या वेल्डिंगमध्ये दोष निघाला आणि तेही परत मागवावे लागले. दात्यांचा स्टँड घेतलात तर लावल्यावर खटका हाताने खाली दाबून बघा आणि वेल्डिंगचे सांधे उजेडात नीट न्याहाळा.

मग टनांचं काय? लोक दुकानात शिरताच विचारतात, "दोन टनी घेऊ की तीन टनी?" वजनाच्या हिशेबाने दोन टन बहुतेक घरगुती गाड्यांना पुरतात. स्विफ्टसारखी गाडी 900 किलोच्या आसपास, नेक्सॉन-क्रेटाच्या वर्गातली 1200 ते 1400, इनोव्हा क्रिस्टा 1800च्या आसपास. आणि जॅक कधीच पूर्ण गाडी उचलत नाही. पुढून मधोमध उचलली तर इंजिनामुळे साधारण साठ टक्के वजन येतं, एक कोपरा उचलला तर त्याहून बरंच कमी. मग तीन टनी का घ्यावा? त्याच्या अंगकाठीसाठी. तीन टनी जॅक सहसा लांब, रुंद आणि वजनदार असतो, त्याचा हात उंच जातो आणि हँडल लांब असल्यामुळे तुम्ही गाडीपासून लांब उभे राहता. डिक्कीत मावणाऱ्या प्लॅस्टिकच्या पेटीतला दोन टनी जॅक आठ-दहा किलोंचा असतो. तो दोन टन उचलेलही, पण त्याची बैठक इतकी आखूड की बघतानाच छातीत धडधडतं. अमेरिकेतल्या वाचकांसाठी एक बारीक गोष्ट: तिथला टन 2000 पौंडांचा, म्हणजे 907 किलोंचा असतो. तिथला तीन टनी जॅक 2722 किलोंचा समजावा.

टनांपेक्षा मी दोन आकडे आधी बघतो. वाटी अगदी खाली असताना जमिनीपासून किती उंच आहे, आणि पूर्ण वर गेल्यावर किती.

खालचा आकडा कळायला घरी टेप घेऊन गाडीखाली जॅक लावायची जागा मोजा. स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतची उंची, 163 मिलिमीटर, नेक्सॉनचा दोनशेच्या थोडा वर. हे झाले हवा भरलेल्या टायरचे आकडे. टायर बसला की ती बाजू काही सेंटीमीटर खाली येते. साध्या जॅकची वाटी खाली असतानाही 13-14 सेंटीमीटरवर असते, आणि ज्या दिवशी जॅकची खरी गरज त्याच दिवशी तो आत शिरत नाही. छोट्या किंवा खाली बसक्या गाडीसाठी 8-9 सेंटीमीटरपर्यंत खाली जाणारा जॅक बघावा. बाटली जॅक इथेच मार खातो. तो उभा असतो, खाली असतानाही अठरा-वीस सेंटीमीटर. ट्रक आणि ट्रॅक्टरला उत्तम, हॅचबॅकला निरुपयोगी.

वरच्या आकड्यात लोक हमखास फसतात. जॅक गाडी उचलायला लागला की चाक लगेच जमीन सोडत नाही. आधी सस्पेन्शनची स्प्रिंग मोकळी होते आणि चाक लोंबतं. हे लोंबणंच सात-आठ ते बारा सेंटीमीटर खातं. समजा उचलायची जागा 20 सेंटीमीटरवर आहे. 10 गेले लोंबण्यात. हवा भरलेली स्टेपनी आत घालायला आणखी चार-पाच. झाले 35. सगळ्यात खाली घेतलेला स्टँडही अठ्ठावीसेक सेंटीमीटर उंच असतो, आणि तो सरकवायला थोडा वाव लागतो. पेटीतला छोटा जॅक 33-34वर संपतो. एसयूव्हीला तर उचलायची जागाच वर असते, तिथे 45च्या पुढे जाणारा हवा. मग उंची कमी पडली की लोक वाटीवर लाकडाचा ठोकळा ठेवतात, एकावर एक दोन. ठोकळा ठेवला की वाटीच्या दातऱ्या कडांची पकड गेली. मधे रबराचं पॅड घालणं वेगळं आणि उंची वाढवायला ठोकळे रचणं वेगळं.

उचलायचं कुठे, हे गाडीच्या पुस्तकात चित्रासकट दिलेलं असतं. कंपनीगणिक फरक असतो म्हणून ते पान फोनमध्ये फोटो काढून ठेवा. सर्वसाधारणपणे दारांखाली पत्र्याची एक उभी कड असते आणि चाकांजवळ तिच्यावर दोन खाचांमधली जागा जाड केलेली असते. लोखंडी वाटी थेट तिथे लावली की कड दुमडते आणि पुढच्या पावसाळ्यात तिथून गंज धरते. खाच असलेलं रबरी पॅड स्वस्त मिळतं, कड त्या खाचेत बसते. इंजिनाच्या तेलाचं भांडं, गिअरबॉक्स, मधला सपाट पत्रा आणि बाजूचं प्लॅस्टिक यांना हात लावायचा नाही. इलेक्ट्रिक गाडी असेल तर पोटाखाली सगळी बॅटरी पसरलेली असते. तिथे चुकून वाटी लागली तर जॅक काय, आख्खं गॅरेज स्वस्त वाटेल.

आता हँडब्रेकचा घोळ. "गिअरमध्ये टाकली आहे, काही होत नाही" हे वाक्य मी अनेकांकडून ऐकलं आहे. आपल्या बहुतेक गाड्यांत इंजिन पुढची चाकं फिरवतं आणि हँडब्रेक मागची चाकं धरतो. पुढचं एक चाक हवेत गेलं की गिअरचा काही भरवसा नाही. दोन चाकांच्या मधे डिफरन्शियल असतं. जमिनीवरचं चाक एका दिशेला फिरू लागलं तर हवेतलं उलटं फिरून त्याला वाट करून देतं, गिअर मधे बघत बसतो. म्हणजे पुढचा भाग उचलताना सगळी मदार मागच्या हँडब्रेकवर. आणि मागची दोन्ही चाकं उचललीत तर हँडब्रेक हवेतली चाकं धरून बसतो, जमिनीवर राहतो फक्त गिअर. म्हणून जी चाकं जमिनीवर राहणार त्यांना दोन्ही बाजूंनी उटी हवीच. रबरी मिळते, लाकडाची पाचरही चालते. नदीतला गोल गोटा नको, तो स्वतःच गडगडतो. आणि चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा-पाऊण फेरा सैल करून घ्यायचे. हवेतल्या गाडीवर पाना मारून जोर काढणं म्हणजे जॅकवरून गाडी ढकलण्याचाच प्रकार.

दुकानात जॅक बघताना, पुण्यात नाना पेठेत जा किंवा गावातल्या हार्डवेअरमध्ये, खोका बंद असताना पैसे देऊ नका. जॅकचा हात वर करून वाटीजवळ धरून डावी-उजवीकडे हलवून बघा. थोडी ढिलाई सगळ्यांत असते, खुळखुळा नको. मागची चाकं स्वतःभोवती फिरतात का ते बघा. मग हात वर असताना एकाने वरून वजन द्यावं आणि दुसऱ्याने हँडल अगदी हळू फिरवून तेल सोडावं. चांगला जॅक बोटाबोटाने उतरतो. भिकारडा जॅक आधी काहीच करत नाही आणि मग धाडकन बसतो. स्टँडवरून गाडी उतरवताना हाच फरक तुमच्या पुढ्यात येणार असतो. ॲल्युमिनियमचा जॅक उचलायला हलका, पण महाग. रोज इकडून तिकडे न्यायचा नसेल तर पोलादी बरा. अंगावर एक सीलबंद स्क्रू असतो, जास्त वजन आलं तर तेल वळवून उचलणं थांबवणारा. तो पिळून "ताकद वाढवणारे" मिस्त्री भेटतात. त्यांना नमस्कार करून पुढे जावं. आणि हा स्क्रू जास्त वजनापासून वाचवतो, गाडी घसरण्यापासून नाही.

घरी आणल्यावर त्याची देखभाल म्हणजे फारसं काही नाही. जॅकचा हात खाली करून ठेवा, म्हणजे दट्ट्या आत राहतो आणि पावसाळी हवेत त्याच्यावर गंज चढत नाही. गंजलेला दट्ट्या दर वेळी सील खरवडतो. पंप स्पंज दाबल्यासारखा लागला तर आत हवा गेलेली असते: तेलाचा व्हॉल्व्ह उघडून, भार नसताना, पंधरा-वीस पंप मारले की बहुतेकदा निघते. तेल कमी झालं तर हायड्रॉलिक जॅकचंच तेल. ब्रेक ऑइल चुकूनही नाही, ते वेगळ्या जातीचं असतं आणि जॅकची सीलं फुगवून टाकतं.

एक परीक्षा मात्र पहिल्याच दिवशी घ्यावी. चाक न काढता, खाली कोणी नसताना, गाडीचा एक कोपरा चाक जमीन सोडेपर्यंत उचला. कडेची उंची टेपने मोजून लिहून ठेवा. पोरांना लांब ठेवा, चहा घेऊन या. अर्ध्या तासाने परत मोजा. एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे चालतं.

त्या दिवशी विटा काढल्यावर काकांकडून मी हेच करून घेतलं. चहा झाला, गप्पा झाल्या, खाली आलो तर उचललेलं चाक पुन्हा जमिनीला टेकलं होतं. काका बराच वेळ टेप हातात धरून उभे राहिले. मग म्हणाले, "बिल आहे माझ्याकडे," आणि वर गेले ते शोधायला.